पालोमाला दम लागतो

डोंगरावरच्या एल आल्तो शहराच्या गॅरेजगल्लीत आनिसेतो तार्कीला सगळे 'टर्बोचा डॉक्टर' म्हणतात. ही पदवी त्याला दिली कुणी, असं विचाराल तर त्यानंच. एके दिवशी पत्र्याच्या दारावर लाल रंगानं लिहून टाकली. गल्लीनं ती आधी चेष्टेनं वापरली, मग सवयीनं, आणि आता चेष्टा कुठं संपते नि मान कुठं सुरू होतो हे त्यालाही सांगता यायचं नाही. त्याला सांगायचंही नसतं म्हणा.

माणूस वाईट नाही. हाताला गुण आहे. पण तोंड हाताच्या चार पावलं पुढं चालतं, त्याला कोण काय करणार? गाडी दारात उभी राहायच्या आत याचं निदान तयार. "काय होतंय?" असं तो कधी विचारत नाही. डोळे मिटतो, कोकाच्या पानांचा गोळा या गालातून त्या गालात ढकलतो, बॉनेटवर तळहात ठेवतो आणि गंभीरपणे म्हणतो, "उंची."

तरुणपणी तो काही काळ खाली चिलीच्या किनाऱ्यावर, आरिका बंदरात ट्रक दुरुस्त करायला होता. समुद्राच्या हवेत टर्बोचा दाब दाखवणाऱ्या बूस्टच्या गेजचा काटा कुठवर चढतो ते त्यानं तिथं पाहिलं, आणि वर आल्यावर तोच काटा आळसावलेला पाहिला. झालं! तेवढ्या भांडवलावर गड्यानं जन्म काढला. "अहो, टर्बो म्हणजे काय? हवा कोंबणारा पंखा. आपण राहतो ढगांच्या डोक्यावर. इथं हवाच नाही, तर तो पंखा कोंबणार काय, तुमची आजी?" गिऱ्हाईक हसतं, मान डोलावतं, अर्धंमुर्धं काम करून घेऊन निघून जातं.

त्याची बायको फेलिपा शेजारच्या टपरीत जांभळ्या मक्याचं गरम आपी विकते. ती मोठ्या पळीनं पातेलं ढवळता ढवळता एकदाच म्हणाली होती, "आणि बाकीच्या गाड्या चढतात त्या काय समुद्रावरून हवेचे डबे बांधून आणतात?" तेव्हा आनिसेतोला अचानक एक पाना सापडेनासा झाला होता.

तर हा माणूस पालोमाचा धर्मबाप.

पालोमा म्हणजे दोन्या बेत्साबे चोकेची गाडी; आमच्याकडं मानानं पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला दोन्या. पांढरी, डिझेलवर चालणारी, सात माणसांची, जपानहून जुनी होऊन आलेली; स्टिअरिंग उजवीकडचं काढून डावीकडं बसवलेलं. आमच्याकडं गाडी घेतली की पोरासारखं तिचं बारसं करतात. धर्मबाप नेमतात. धरणीआईला दारू आणि बिअर शिंपडतात, बॉनेटवर पाकळ्या आणि कागदी टिकल्या उधळतात, कागदी पट्ट्या गुंडाळतात. शिंपण झालं नाही ती गाडी म्हणजे उघड्या डोक्याचं पोर. कुणाचीही नजर लागावी. आणि जो धर्मबाप झाला तो मालकिणीचा कोंपाद्रे झाला, ती त्याची कोमाद्रे झाली. रक्ताच्या नात्याला निदान भांडणाची सोय असते. या नात्याला तीही नाही.

दोन्या बेत्साबेनं मेकॅनिकलाच धर्मबाप केलं यात तिचा हिशोब होता. ती खालच्या ला पास शहरातून वरच्या शहरात शेअर टॅक्सी चालवते. बायकांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेलं अजूनही कुणाकुणाला खुपतं. गोल टोपी, घेरदार पोलेरा घागरा, दोन वेण्या, आणि हातात स्टिअरिंग! नवरा ब्राझीलला शिवणाच्या कारखान्यात गेला तो तिकडलाच झाला. तेव्हा घरात एक मेकॅनिक असावा, निदान धर्माचा तरी, असा तिचा साधा विचार.

डॉन आनिसेतोला मात्र इतर धर्मबापांसारखं नुसतं बिअर ओतून भागवायचं नव्हतं. कार्निव्हलच्या मंगळवारी सगळी गल्ली जमल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. स्वतःच्या पैशानं आणलेला नवाकोरा एअर फिल्टर सगळ्यांना दाखवून डब्यात बसवला, डब्याला लाल-पिवळी-हिरवी फीत बांधली आणि गाठ मारून जाहीर केलं, "ही माझी भेट. धर्मबापाची गाठ पुढच्या कार्निव्हलपर्यंत सोडायची नाही. सोडली तर आशीर्वाद उलटतो." मग म्हणाला, "कोमाद्रे, गाडी चालू करा. इतरांनी बाहेरून शिंपलं, मी आतून शिंपतो. गाडीनं आशीर्वाद श्वासात घेतला पाहिजे. दाबा अ‍ॅक्सिलरेटर!"

तिनं दाबला. त्यानं मुठी भरभरून पाकळ्या आणि टिकल्या इंजिनावर उधळल्या, वर बिअर. कागदाचे कण भिरभिरत रेडिएटरच्या कडेला, हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी गेले आणि दिसेनासे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "घेतला बघा, घेतला श्वासात!" असं डॉन आनिसेतो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. आणि खोटं काय होतं त्यात? घेतलाच होता.

पुढं पावसाळा सरला, थंडी पडली आणि पालोमा चढणीवर मागं पडायला लागली. आधी थोडीशी. मग कालवारीच्या चढणीवर ट्रकसुद्धा तिला मागं टाकून जायला लागले. मागून काळा धूर, पुढून नुसती शिट्टी. दोन्या बेत्साबे कोंपाद्रेच्या दारात हजर.

"कोंपाद्रे, पोरीला दम लागतोय हो."

"उंची," डॉन आनिसेतो म्हणाला. पण धर्माची पोर पडली, नुसतं तोंडानं भागेना. त्यानं काम मात्र मनापासून केलं, ते नाही म्हणता यायचं नाही. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एक नाही निघाला. क्लिपा आवळल्या. टर्बोच्या पंख्याचा दांडा बोटांनी हलवून पाहिला, ढिला नव्हता. जादा दाब सोडून देणारी झडप हातपंपानं हलवून पाहिली. ती शहाण्या गाढवासारखी सांगितल्याबरोबर उघडत होती, मिटत होती. गेज लावला, बेत्साबेला गाडी पळवायला लावलं. काटा अर्ध्यावर येऊन रुसून बसला. स्टिअरिंग बदलणाऱ्यांना शिव्या दिल्या. डिझेलला दिल्या. शेवटी जपानलाही दिल्या.

फिल्टरच्या डब्यावरून त्याचा हात रोज जायचा, पण फक्त फितीवरची धूळ झटकायला. नवाकोरा फिल्टर, स्वतः आणलेला, स्वतः बसवलेला, वर आशीर्वादाची गाठ. तिथं दोष असेल असं मनात आणणं म्हणजे स्वतःच्याच कानफटात मारणं. ज्याच्या हातानं बारसं झालं त्याच हातानं पोराचं नाक दाबलं जाईल, असं कुणाच्या तरी मनात येईल का?

"सगळं ठणठणीत आहे, कोमाद्रे," तो म्हणाला. "म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही. शिंपण कमी पडलं असणार. दर शुक्रवारी थोडं थोडं चढवत जा. बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून. माझ्यासारखं."

ती बिचारी दर शुक्रवारी चढवत गेली. टिकल्यांची पुडी, बाटलीभर दारू, बाजारातून ताज्या पाकळ्या. गाडी जितकी खचायची तितकी तिची मूठ मोठी व्हायची. एका शुक्रवारी पालोमा सहा प्रवाशांनी चढेना म्हणून तिनं दोघांना भर रस्त्यात उतरवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि संध्याकाळी दुप्पट शिंपण केलं. रोग म्हणजेच औषध आणि औषध म्हणजेच रोग, असा हा कारभार चालला होता. आणि डॉक्टर शेजारी उभा राहून म्हणत होता, "हं, अजून थोडं."

अशात शेअर टॅक्सीवाल्यांच्या युनियननं फर्मान काढलं. कालवारीच्या चढणीवर गाड्या रेंगाळतात, मागं रांगा लागतात, प्रवासी दुसऱ्या लाइनला जातात. तेव्हा प्रत्येक गाडीची परीक्षा. पूर्ण भरलेली गाडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत न थांबता चढली पाहिजे. थांबली ती लाइनमधून, म्हणजे युनियनच्या ठरलेल्या मार्गावरून, गेली. युनियनचा सेक्रेटरी डॉन प्रुदेन्सियो आपासा, पोट भलं मोठं, बोलणं अगदी गोड. त्याचा मेहुणा कधीचा लाइनमध्ये शिरायला जागा शोधत होता. पालोमाचं नाव परीक्षेत पहिलं आलं हा निव्वळ योगायोग, असं डॉन प्रुदेन्सियोनं स्वतःहून चार जणांना सांगितलं.

दोन्या बेत्साबे त्या दिवशी गॅरेजात आली ती उभीच राहिली. "कोंपाद्रे, जागा गेली तर मी काय करू? लाइन नसलेली गाडी म्हणजे अंगणातलं कोंबड्यांचं खुराडं. माझं दुसरं काही नाही. तुम्हाला माहितीये."

"मी बरोबर बसतो," डॉन आनिसेतो छाती काढून म्हणाला. "धर्मबाप गाडीत असल्यावर गाडी थांबते कशी तेच बघतो."

परीक्षेची सकाळ ऊन पडलेली आणि बोचऱ्या वाऱ्याची होती. पायथ्याशी पालोमात डॉन प्रुदेन्सियो पुढं बसला, मागं युनियनचे चार वजनदार पुढारी आणि कोपऱ्यात दाबून डॉन आनिसेतो. बाकीचे ड्रायव्हर तमाशा बघायला माथ्यावर जमलेले. दोन्या बेत्साबेनं टोपी नीट केली, काचेतल्या लाइनच्या पाटीला बोट लावून ते बोट कपाळाला लावलं आणि गिअर टाकला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाआधीच पालोमानं काळा धूर सोडला.

"काय दोन्या बेत्साबे, पोरगी थकली वाटतं?" डॉन प्रुदेन्सियो गोड आवाजात म्हणाला.

"बोलू नका, हवा खर्च होते," मागून डॉन आनिसेतो ओरडला. कुणी हसलं नाही. पालोमानं एक लांब सुस्कारा टाकला, दोन आचके दिले आणि ऐन चढणीवर बंद पडली.

पुढारी उतरून रस्त्याच्या कडेला सिगरेटी पेटवायला लागले. डॉन आनिसेतोनं बॉनेट उघडलं. नळ्या पाहून झाल्या होत्या, झडप पाहून झाली होती. उरला होता एक डबा. मागून डॉन प्रुदेन्सियोचं खाकरणं ऐकू येत होतं आणि काचेआड त्याच्या कोमाद्रेचं तोंड दिसत होतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, चाकू काढला आणि स्वतःची गाठ स्वतः कापली.

डब्यात कार्निव्हल भरलेला होता.

गुलाबी, हिरव्या, पिवळ्या टिकल्या; काळवंडलेल्या पाकळ्या; बिअर आणि दारूनं चिकटून त्यांचा बनलेला भाकरीएवढा जाड थर. फिल्टर दिसतच नव्हता. टर्बोनं बिचाऱ्यानं इतके महिने या थरातून श्वास ओढला होता. हवा डोंगरावर भरपूर होती. तोंडच बंद होतं, आणि ते बंद करणारा हात कुणाचा, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

आता आमचा डॉन आनिसेतो काय करील? माणसानं जे करू नये तेच त्यानं आधी केलं. बॉनेटचा आडोसा होता. त्यानं तो थर भराभर खरवडला आणि आपल्या डगल्याच्या खिशात कोंबला. एक खिसा भरला, दुसरा भरला. फिल्टर दगडावर आपटून झटकला, डबा लावला, बॉनेट पाडलं आणि हात पुसत बाहेर आला.

"नळी सटकली होती. बारीकसारीक. बसा चला, आता उडेल."

"नळी म्हणजे गाडीचाच भाग ना, उस्ताद?" डॉन प्रुदेन्सियोनं राख झटकली. "चढणीवर थांबली ती गेली. नियम मी नाही केला, सगळ्यांनी मिळून केला."

"पुन्हा एकदा चढवून बघा की!"

"पुन्हा परीक्षा फक्त एका कलमाखाली. मेकॅनिकच्या हातची चूक असेल आणि मेकॅनिकनं ती सगळ्यांसमोर कबूल केली असेल, तर." तो पुढाऱ्यांकडं वळून हसला. "आमच्या वडिलांच्या वेळचं कलम आहे. अजून एकदाही वापरलेलं नाही. तसला मेकॅनिक देवानं अजून घडवायचाय."

पुढारी खो खो हसले. त्यांच्यापैकी एकही असा नव्हता की ज्याला मेकॅनिकनं कधी गंडवलं नव्हतं.

दोन्या बेत्साबे भांडली नाही, रडली नाही. ती खाली उतरली, टोपी काढून टपावर ठेवली, दार उघडून आत वाकली आणि काचेला चिकटवलेली लाइनची पाटी नखानं, एका कोपऱ्यापासून, हळूहळू सोडवायला लागली. फाटू नये म्हणून जपून. दुसऱ्या कुणाला तरी ती लावायची होती ना.

डॉन आनिसेतोनं ते पाहिलं. खिसे जड झाले होते आणि त्यांतून शिळ्या बिअरचा वास येत होता. हे त्याला बघवेना. गड्याला खरंच बघवेना.

"थांबा, कोमाद्रे," तो म्हणाला. "पाटी राहू द्या."

मग त्यानं खिशात हात घातला आणि मूठभर ओला रंगीत लगदा डॉन प्रुदेन्सियोच्या पुढ्यात, बॉनेटवर ठेवला. दुसरी मूठ. तिसरी. पुढारी जवळ आले. एकानं पाकळी चिमटीत धरून वास घेतला.

"ही माझी चूक," डॉन आनिसेतो म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे. मी शिंपण केलं ते तिच्या नाकातोंडात गेलं. मीच म्हटलं, श्वासात घे. मीच म्हटलं, दर शुक्रवारी चढव. मी... मेकॅनिक मी आहे. लिहून घ्या तुमच्या कलमात."

मग पहिला पुढारी हसला, मग दुसरा, आणि मग हसण्याचा असा पूर आला की एक जण रस्त्याच्या कठड्यावर बसूनच राहिला. "आशीर्वादानं गुदमरली! आयला, आशीर्वादानं!" डॉन प्रुदेन्सियोलाही हसू आवरेना, मेहुण्यासाठी आवरायला हवं होतं, पण पोट ऐकेना. आणि एकदा सेक्रेटरी हसला म्हटल्यावर नियमाला कोण विचारतो? "बसा," तो डोळे पुसत म्हणाला. "कलम वापरू. वडील वरून बघत असतील."

सगळे पुन्हा बसले. पालोमा चालू झाली, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पाठी सीटला चिकटल्या. तिसरं वळण, चौथं, कालवारीचा उभा तुकडा. धूर नाही, सुस्कारा नाही. मागच्या पुढाऱ्याच्या तोंडातली सिगरेट मांडीवर पडली. माथ्यावरच्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. डॉन प्रुदेन्सियो उतरला, तोंड जरा वाकडं केलं, आणि पाटीचा सुटलेला कोपरा आपल्या अंगठ्यानं काचेवर दाबून बसवला. म्हणजे जागा राहिली.

ड्रायव्हरांना गोष्ट कळायला वेळ लागला नाही. 'टर्बोचा डॉक्टर' आता काय काय होणार, याच्या कल्पना तिथल्या तिथं निघायला लागल्या. डॉन आनिसेतो त्या सगळ्या ऐकत होता, पण बघत होता दोन्या बेत्साबेकडं. कारण इतका वेळ सगळं जग हसलं होतं, ती एकटी हसली नव्हती.

तिनं इंजिन बंद केलं. दार लावलं. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या हातानं ओतलं मी," ती हळू म्हणाली. "तुम्ही सांगायचात, मी ओतायचे. तिला दम लागायचा, मी रडत रडत अजून ओतायचे. आणि मघाशी पाटी काढायला लागले तोवर तुमच्या खिशात होतं ते."

"कोमाद्रे, मी..."

"तुम्ही बोलू नका. आयुष्यभर बोललात." तिनं टोपी डोक्यावर घातली, सरळ केली. "नवरा होता, त्याचा नाद सोडला. भावाशी बोलणं सोडलं. पण कोंपाद्रे सोडता येत नाही. धरणीआईसमोर नातं जोडलंय, आता मेल्यावरच सुटेल. तेव्हा रविवारी घरी या. फेलिपाला घेऊन या. सुक्या मांसाचं सूप करते, पोटभर जेवा. येताना नवा फिल्टर आणा."

"आणतो. बसवून देतो, लगेच..."

"आणायचा फक्त," दोन्या बेत्साबे म्हणाली. "बसवणार मी. पालोमाला तुम्ही हात लावायचा नाही."

डॉन आनिसेतोनं तोंड उघडलं. आता हा काहीतरी फेकणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारले.

"बरं," तो म्हणाला.